पंपातले पहिले पाणी : संगणक जागा होण्याचा इतिहास

विहिरीवरचा पंप ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पंप पाणी खेचतो खरा. पण बरेच दिवस बंद राहून तो कोरडा पडला असेल, तर नुसते बटण दाबून पाणी येत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओतून पंप आणि नळी भरावी लागते. मग तो खालचे पाणी ओढू लागतो. पाणी काढायलाच आधी पाणी हवे, हा पेच शेतकऱ्याने एका बादलीने सोडवला.

संगणकापुढे रोज सकाळी हाच पेच उभा असतो. संगणकाचा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, फक्त स्मृतीत असलेल्या आज्ञा पाळतो. वीज गेली की ही स्मृती, म्हणजे रॅम, कोरी होते. सर्व आज्ञावल्या हार्ड डिस्कवर सुरक्षित असतात. पण डिस्कवरून काही वाचायचे म्हणजे 'कसे वाचायचे' हे सांगणारी आज्ञावली आधी स्मृतीत हवी. ती आज्ञावलीही डिस्कवरच! मग पहिली आज्ञा आणायची कोठून?

या क्रियेला 'बूट करणे' म्हणतात. पायात चढवायच्या उंच बुटांना मागच्या बाजूला एक पट्टा शिवलेला असतो. इंग्रजीत त्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, अशी अशक्य गोष्टीसाठी त्या भाषेत म्हण आहे. संगणकाने स्वतःच स्वतःला उठवायचे असते, म्हणून अभियंत्यांनी हा शब्द उचलला आणि पुढे त्याचा नुसता 'बूट' उरला.

आज अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर एक संपूर्ण लिनक्स प्रणाली घेऊन आपण कोणत्याही संगणकापाशी जाऊ शकतो आणि त्याच्या हार्ड डिस्कला हात न लावता तो सुरू करू शकतो. ती प्रणाली आपल्या शाळेसाठी, आपल्या भाषेत, आपण निवडलेल्या आज्ञावल्यांसह घडवताही येते. हे साधायला सुमारे पन्नास वर्षे लागली. त्या वर्षांत पहिल्या पाण्याची बादली कोणाच्या हातात होती, हे पाहण्यासारखे आहे.

कार्डे, कळा आणि पहिली फ्लॉपी

१९५२ साली आयबीएमने '७०१' हा संगणक जाहीर केला. त्यावर 'लोड' नावाचे एक बटण होते. ते दाबले की यंत्र छिद्रे पाडलेल्या कार्डावरून, चुंबकीय फितीवरून किंवा ड्रमवरून फक्त एक शब्द, म्हणजे ३६ बिट, वाचून स्मृतीत ठेवी आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला आज्ञा समजून ती पाळी. त्या आज्ञेचे काम बहुधा 'आणखी थोडे वाच' एवढेच असे. मग ते थोडे आणखी थोडे आणी. असे करत करत पूर्ण आज्ञावली स्मृतीत येई. आजचा संगणकही याच पायऱ्यांनी चढतो. पायऱ्यांची नावे तेवढी बदलली आहेत.

१९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा हौशी लोकांसाठीचा संगणक आला. त्याला ना कळफलक होता, ना पडदा. दर्शनी भागावर कळांची रांग होती. कळ वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आठ कळा लावून एक बाइट तयार करायचा, दुसरी कळ दाबून तो स्मृतीत टाकायचा, मग पुढचा बाइट. असे सुमारे वीस बाइट हाताने भरले की कागदी फीत वाचण्याइतकी अक्कल यंत्राला येई. मग फितीवरून बेसिक ही भाषा आत येई. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. इथे पहिली बादली अक्षरशः माणसाच्या बोटांत होती.

दरम्यान आयबीएमच्या मोठ्या संगणकांत एक वेगळी अडचण उभी राहिली होती. सिस्टिम/३७० या मालिकेत अर्धवाहक स्मृती वापरली होती आणि यंत्राच्या अगदी आतल्या सूचना, म्हणजे मायक्रोकोड, वीज जाताच पुसल्या जात. त्या दर वेळी पुन्हा भरायला एक स्वस्त आणि टपालाने पाठवता येईल अशी वस्तू हवी होती. त्यासाठी १९७१ साली आठ इंच व्यासाची लवचीक चुंबकीय चकती तयार झाली. तिच्यावर सुमारे ८० किलोबाइट मजकूर मावे. हीच पहिली फ्लॉपी! पुढे पत्रे आणि हिशेब साठवण्यासाठी घराघरांत गेलेली ही वस्तू जन्माला आली ती यंत्र सुरू करण्याच्या कामासाठी.

पाचशे बारा बाइटांची खोली

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यात पहिल्या आज्ञा एका कायम स्मृतीच्या चिपमध्ये, म्हणजे रॉममध्ये, कोरून ठेवल्या होत्या. या संचाला बायोस म्हणतात. वीज आली की बायोस आधी यंत्राचे अवयव तपासी, मग फ्लॉपीकडे पाही. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यातील ५१२ बाइट वाचून स्मृतीत ठेवायचे आणि कारभार त्यांच्या हाती द्यायचा, एवढेच त्याचे काम. १९८३ साली हार्ड डिस्क असलेले प्रारूप आले, तेव्हाही नियम हाच राहिला. या ५१२ बाइटांची वाटणी पाहा: ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी (प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी) आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. ही खूण द्विमान पद्धतीत ०१०१०१०१ आणि १०१०१०१० अशी असते. ती दिसली की बायोसने समजायचे, 'हे सुरू होण्यालायक आहे.'

५१२ बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ५१२ बाइटांत जेमतेम १७० चिन्हे मावतील. या लेखाच्या दोन-तीन ओळी. एवढ्याशा खोलीत राहणाऱ्या आज्ञावलीने फक्त पुढच्या, थोड्या मोठ्या आज्ञावलीला हाक मारायची असते.

सर्वच संगणक असे नव्हते. भारतात १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू झाला. त्यातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक शाळांत आले. त्यांची पूर्ण प्रणाली आणि बेसिक भाषा रॉममध्येच होती. बटण दाबले की क्षणात यंत्र तयार. ही मोठी सोय होती. पण चिपमध्ये जे कोरले तेच मिळणार, हेही ओघाने आलेच. आयबीएमच्या रचनेत मात्र फ्लॉपी बदलली की यंत्राचा स्वभाव बदले.

ज्या दारातून कोणीही आत येऊ शकतो, त्यातून नको असलेला पाहुणाही येतो. १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या याच पहिल्या कप्प्यात ठाण मांडून बसे आणि मूळच्या आज्ञा दुसरीकडे सरकवी. अशा फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की प्रणालीच्या आधी विषाणू जागा होई. जो आधी जागा होतो तो मागाहून येणाऱ्या सर्वांना फसवू शकतो, हा धडा तेव्हा मिळाला. पुढे याच धड्याने एक वेगळेच वळण घेतले.

दोन फ्लॉपींचे लिनक्स

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक नवी संगणक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच लिनक्स. सुरुवातीच्या काळात ती दोन फ्लॉपींवरून चाले. पहिल्या फ्लॉपीवर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल. दुसरीवर फाइलींचे मूळ झाड आणि मोजकी साधने. पहिली घालायची, गाभा स्मृतीत चढला की ती काढून दुसरी घालायची. हार्ड डिस्कला न शिवता चालणारे हे लिनक्सच म्हणजे आजच्या 'लाइव्ह' प्रणालीचे पूर्वज. पुढे 'टॉम्सआरटीबीटी' नावाच्या संचाने तर १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी १.७२२ मेगाबाइटपर्यंत ताणून एकाच फ्लॉपीत दुरुस्तीची बहुतेक साधने बसवली. डिस्क बिघडलेल्या यंत्रातून माहिती वाचवायला असा संच अनेकांनी जवळ बाळगला होता.

पण फ्लॉपीत मावून मावून मावणार किती? सीडीवर ६५० मेगाबाइट मावत होते. म्हणजे सुमारे साडेचारशे फ्लॉपी. कॅलिफोर्नियातील इग्द्रासिल या कंपनीने १९९२ च्या डिसेंबरात सीडीवरचे लिनक्स आणले आणि ते सीडीवरूनच चालवता येई. तरीही सुरुवातीला फ्लॉपी लागेच, कारण बायोसला सीडी वाचता येत नव्हती. पंप मोठा झाला, पण बादली जुनीच होती.

सीडीने घेतलेले सोंग

इथे अडचण होती ती आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांची आणि आज्ञावल्यांची. लाखो संगणकांतील बायोस फक्त 'फ्लॉपी' आणि 'हार्ड डिस्क' ही दोनच माणसे ओळखत होता. तिसऱ्याला आत यायचे तर काय करावे? बहुरूप्याने जे केले असते तेच. त्याने ओळखीच्या माणसाचे सोंग घ्यावे.

जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम यांनी मिळून 'एल टोरितो' नावाचे विनिर्देश प्रसिद्ध केले. या आराखड्याची पहिली आखणी कॅलिफोर्नियातील आयर्विन गावच्या एल टोरितो या उपाहारगृहात झाली, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. युक्ती अशी: सीडीच्या ठरलेल्या जागी एक नोंद ठेवायची. ती नोंद फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा असलेल्या एका फाइलकडे बोट दाखवील. नव्या बायोसने ती प्रतिमा उचलून पुढच्या आज्ञावल्यांना सांगायचे, 'ही पाहा फ्लॉपी.' फ्लॉपीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या सीडीवर मजेत चालू लागल्या. सोंगाशिवाय थेट सुरू होण्याची सोयही त्यात होती आणि नंतर तीच रूढ झाली.

आता सीडीवरून संगणक सुरू होऊ लागला. पण अख्खी प्रणाली सीडीवरून चालवायची तर दोन प्रश्न उरत होते. एक, जागा कमी. दोन, सीडीवर लिहिता येत नाही आणि चालू प्रणालीला तर सतत काही ना काही लिहावे लागते.

जर्मनीतील अभियंता क्लाउस क्नॉपर याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'क्नॉपिक्स' या संचाने ही गोष्ट सर्वसामान्यांपर्यंत नेली. यात फाइली दाबून, संकोचित रूपात ठेवल्या होत्या आणि लागेल तेवढाच भाग वाचताना मोकळा केला जाई. त्यामुळे ७०० मेगाबाइटच्या सीडीत सुमारे दोन गिगाबाइट आज्ञावल्या बसल्या. शिवाय सुरू होतानाच तो संगणकाचे भाग स्वतः ओळखून घेई. अनोळखी यंत्रात सीडी घालावी आणि काही मिनिटांत पूर्ण पडदा, कळफलक, ध्वनी चालू व्हावा, हे तेव्हा नवलाचे होते.

लिहिण्याच्या प्रश्नावरचे उत्तर भूगोलाच्या तासाला आपण नेहमी वापरतो. छापील नकाशावर खुणा करायच्या नसतील, तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर रेघा मारतात. पाहताना नकाशा आणि रेघा एकत्रच दिसतात; कागद उचलला की नकाशा जसाच्या तसा. संगणकात खालचा नकाशा म्हणजे संकोचित, न बदलणारी फाइलव्यवस्था आणि वरचा कागद म्हणजे रॅममधील तात्पुरती जागा. दोन्ही एकावर एक ठेवून एकच असल्यासारखे दाखवणाऱ्या तंत्राला 'युनियन' किंवा 'ओव्हरले' फाइलव्यवस्था म्हणतात. क्नॉपिक्सने २००५ साली हे तंत्र स्वीकारले. आजची ओव्हरलेएफएस २०१४ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. खालच्या थरासाठी बहुतेक ठिकाणी स्क्वॉशएफएस वापरतात. ती फिलिप लॉगर यांनी २००२ साली प्रसिद्ध केली आणि २००९ साली गाभ्यात आली.

वीज बंद केली की रॅम पुसते, म्हणजे ट्रेसिंग पेपर फेकला जातो. लाइव्ह प्रणाली रोज नव्याने कोरी उठते ती यामुळे. काहींना हा दोष वाटतो. काहींना हाच गुण हवा असतो. पत्रकार आणि कार्यकर्ते वापरतात ती 'टेल्स' ही प्रणाली २००९ पासून याच गुणावर उभी आहे: बंद केल्यावर मागे काही ठेवायचे नाही.

पेनड्राइव्ह आला

१९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. वीज नसतानाही ती लक्षात ठेवते आणि तिचा मोठा भाग एकदम पुसता येतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण करून देणारे हे पुसणे पाहून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचवले. दुसरीकडे, संगणकाच्या मागच्या नाना तऱ्हेच्या खाचांना एकच पर्याय म्हणून यूएसबीचे पहिले विनिर्देश जानेवारी १९९६ मध्ये आले. त्यामागच्या इंटेलमधील गटाचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.

या दोन गोष्टी एकत्र येऊन २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला. आयबीएमने त्या डिसेंबरात विकायला काढलेल्या पेनड्राइव्हची क्षमता ८ मेगाबाइट होती; साडेपाच फ्लॉपींइतकी. पण त्यावरून संगणक सुरू करणे सोपे नव्हते, कारण यूएसबीशी बोलायला आज्ञावली लागते आणि ती प्रणाली चढल्यावरच मिळते. म्हणजे जुना पेच नव्या दाराशी. बायोस बनवणाऱ्यांनी पुन्हा सोंगाचाच आधार घेतला. कोणता बायोस पेनड्राइव्हला फ्लॉपी समजे, कोणता झिप चकती, तर कोणता हार्ड डिस्क. एका यंत्रात चालणारा पेनड्राइव्ह दुसऱ्यात चालेलच याची खात्री नसे. पुढे 'हार्ड डिस्क' हे सोंग सर्वमान्य झाले आणि गोंधळ मिटला.

एक अडचण तरीही राहिली. लिनक्सचे संच सीडीच्या प्रतिमेच्या रूपात, म्हणजे आयएसओ फाइल म्हणून, वाटले जात. सीडीची मांडणी वेगळी, हार्ड डिस्कची वेगळी. म्हणून आयएसओतील फाइली उचलून पेनड्राइव्हवर नव्याने मांडाव्या लागत आणि त्यासाठी वेगळी साधने लागत. यावरचा उपाय मोठा सुरेख आहे. सीडीच्या मानकाप्रमाणे सीडीवरचे पहिले १६ कप्पे, प्रत्येकी २०४८ बाइटांचे, मोकळे सोडलेले असतात. सीडी वाचणारा ते ओलांडून थेट पुढे जातो. म्हणजे आरंभीचे ३२ किलोबाइट पडीक जमीन! बायोसला तर फक्त पहिले ५१२ बाइट हवे असतात. २००८ साली एच. पीटर ॲनव्हिन यांनी आपल्या सिसलिनक्स या संचात 'आयएसओहायब्रिड' ही सोय आणली. तिने या पडीक जागेत हार्ड डिस्कसारखा पहिला कप्पा पेरला. तीच फाइल सीडीवर उतरवली तर सीडी, पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तर हार्ड डिस्क. एकाच फाइलला दोन चेहरे.

आपली स्वतःची प्रणाली

आता एखाद्या शाळेसाठी अशी प्रणाली कशी घडते ते पाहू. डेबियन या लिनक्स संचात 'लाइव्ह-बिल्ड' नावाचे साधन आहे. त्याचे काम चार टप्प्यांत होते.

पहिला टप्पा: चालू संगणकातल्याच एका फोल्डरमध्ये नवी, छोटी प्रणाली उभारणे. हे करणाऱ्या साधनाचे नावच 'डेबूटस्ट्रॅप' आहे. दुसरा टप्पा: त्या फोल्डरलाच पूर्ण जग समजून आत शिरायचे आणि हव्या त्या आज्ञावल्या बसवायच्या. आपण फक्त यादी द्यायची: भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम, लेखनासाठी लिब्रेऑफिस, मराठी कळफलक आणि फाँट. तिसरा टप्पा: तो फोल्डर दाबून एकच स्क्वॉशएफएस फाइल करणे. चौथा टप्पा: तिच्यासोबत कर्नेल, एक छोटी आरंभिक फाइलव्यवस्था आणि सुरुवातीची आज्ञावली ठेवून दोन चेहऱ्यांची आयएसओ फाइल बनवणे.

ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ती नेहमीसारखी फोल्डरमध्ये 'कॉपी-पेस्ट' करून चालत नाही. तसे केले तर पहिल्या ५१२ बाइटांत काहीच येत नाही. ती बाइटागणिक, अगदी पहिल्या बाइटापासून उतरवावी लागते. युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून असलेली 'डीडी' ही आज्ञा हेच करते. ती काहीही विचारत नाही. पेनड्राइव्हऐवजी चुकून हार्ड डिस्कचे नाव दिले तर शाळेचे सर्व निकाल क्षणात पुसले जातील. तिला गमतीने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगीच नव्हे. म्हणून आधी डिस्कची यादी काढून आकारावरून पेनड्राइव्ह ओळखावा, त्यातील जुना मजकूर दुसरीकडे ठेवावा आणि मगच आज्ञा द्यावी. पेनड्राइव्हवरचे पूर्वीचे सर्व काही जाते, हेही विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

अशा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होतो तेव्हा काय घडते? यंत्रातील आरंभिक आज्ञा पेनड्राइव्हवरच्या छोट्या आज्ञावलीला उठवतात. ती कर्नेल आणि आरंभिक फाइलव्यवस्था रॅममध्ये आणते. त्या व्यवस्थेतील आज्ञा सर्व चकत्या धुंडाळून स्क्वॉशएफएस फाइल शोधतात, तिच्यावर रॅमचा ट्रेसिंग पेपर पसरतात आणि कारभार खऱ्या प्रणालीकडे सोपवतात. १९५२ सालच्या 'आणखी थोडे वाच' याचाच हा विस्तार.

विद्यार्थ्याचे काम टिकवायचे असेल, तर ट्रेसिंग पेपर रॅमऐवजी पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या विभागात ठेवता येतो. डेबियनच्या लाइव्ह प्रणालीत या विभागाला 'पर्सिस्टन्स' हे नाव द्यावे लागते. मात्र फ्लॅश स्मृतीवर लिहिण्याला मर्यादा असते. सतत लिहीत राहिल्यास पेनड्राइव्ह लवकर झिजतो आणि वेगही मंदावतो. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत हवीच.

किल्ली कोणाकडे?

बायोसची जागा आता यूईएफआय या नव्या रचनेने घेतली आहे. २००५ साली त्यासाठी अनेक कंपन्यांचा मंच स्थापन झाला. यूईएफआय ५१२ बाइटांच्या खोलीत अडकत नाही. साध्या फॅट विभागातील ठरलेल्या नावाची फाइल शोधून ती चालवते. आयएसओ फाइलींनी तिच्यासाठी तिसरा चेहराही लावून घेतला.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' घरोघरी पोचले. यात यंत्र सुरू होताना पहिल्या आज्ञावलीवरची अंकीय सही तपासते. सही ओळखीची नसेल तर ती चालवत नाही. 'ब्रेन'ने शिकवलेला धडा आठवला की हे योग्यच वाटते. पण विकत घेतलेल्या बहुतेक यंत्रांत ओळखीच्या सह्या म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सह्या होत्या. मग स्वतः घडवलेल्या प्रणालीचे काय? त्याच वर्षी मॅथ्यू गॅरेट यांनी 'शिम' ही छोटी आज्ञावली तयार केली. तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि ती पुढे लिनक्स संचाची सही तपासते. डेबियनने २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय दिली. आपल्या प्रणालीत डेबियनचाच सही केलेला कर्नेल ठेवला तर ती अशा यंत्रांवर चालते. कर्नेल स्वतः घडवला तर मात्र आपली किल्ली यंत्रात नोंदवावी लागते किंवा तपासणी बंद करावी लागते.

कळा लावणाऱ्या माणसाच्या हातात असलेली बादली अशी चिपकडे, मग फ्लॉपीकडे आणि आता सह्यांच्या वहीकडे आली आहे. आपल्या यंत्रात कोणाची सही चालावी हे यंत्राच्या मालकाला ठरवता यावे, एवढी वाट तरी उघडी राहायला हवी. संगणक विकत घेताना शाळांनी हे विचारून घ्यावे.

शाळेला त्याचे काय?

२००७ साली 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या खेड्यातील एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. त्या लॅपटॉपवर मुलांसाठी घडवलेली 'शुगर' ही लिनक्सवरची मांडणी होती. पण प्रत्येक मुलासाठी लॅपटॉप घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. २००९ सालच्या जूनमध्ये शुगरच्या गटाने 'शुगर ऑन अ स्टिक' प्रसिद्ध केले. लॅपटॉपऐवजी मुलाकडे पेनड्राइव्ह द्यायचा. शाळेत, वाचनालयात, शेजाऱ्याकडे जिथे संगणक मिळेल तिथे तो लावायचा आणि आपले काम पुढे न्यायचे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली २००७ साली आणली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा आहेत आणि शाळांसाठी तिची वेगळी आवृत्तीही निघाली. केरळने तर शाळांसाठी स्वतंत्र लिनक्स संच घडवून तो राज्यभर वापरला.

क्लाउस क्नॉपर यांच्या पत्नी एड्रियाने यांना दिसण्यात अडचण आहे. क्नॉपिक्समध्ये पडदा न पाहता, आवाजाच्या आधारे चालवता येणारी जी मांडणी आहे तिला त्यांचेच नाव दिले आहे. ज्या यंत्राच्या मालकाने अशा व्यक्तीचा कधी विचारही केला नसेल, त्या यंत्रावरही पेनड्राइव्ह लावून ती व्यक्ती काम करू शकते. स्वतःची प्रणाली घडवता येण्याचे मोल अशा ठिकाणी कळते.

अनेक शाळांच्या कोपऱ्यात हार्ड डिस्क बिघडली म्हणून झाकून ठेवलेला एखादा संगणक असतो. तो बाहेर काढावा. पाठीमागची डिस्कची वायर काढून ठेवली तरी चालेल. मग काही पुसले जाण्याची धास्तीही नको. अधिकृत ठिकाणाहून घेतलेली लाइव्ह प्रणाली, तिची दिलेली बेरीज, म्हणजे चेकसम, ताडून पेनड्राइव्हवर उतरवावी. यंत्र सुरू करताना एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या यंत्राची कळ दाबून यूएसबी निवडावी. डिस्क नसलेला संगणक डोळ्यांदेखत जागा होईल. त्यानंतर मुलांना एकच प्रश्न विचारावा: यातली पहिली आज्ञा कोठून आली? उत्तर शोधताना ती बायोसपर्यंत पोचतील आणि मग विचारतील, की बायोस त्या चिपमध्ये कोणी घातला. तिथून पुढचा तास त्यांच्याच हाती द्यावा.